माणशी तीन लाख चाळीस हजार

आमच्या घरात मोठे निर्णय फार थोडे झाले, आणि जे झाले ते सर्व स्वयंपाकघरात झाले. घर बांधावे की भाड्याने राहावे, मुलाला पुण्याला ठेवावे की येथेच शिकवावे, असल्या प्रश्नांची उत्तरे मी व्हरांड्यात बसून शोधीत असे आणि ती सौ.ला आत कणीक मळता मळता सापडत असत. २०२४ च्या दिवाळीत मात्र असा एक प्रश्न उभा राहिला, की तो व्हरांड्यात सुटेना आणि स्वयंपाकघरातही सुटेना. एका यात्रा कंपनीबरोबर युरोपला जावे की न जावे, हा तो प्रश्न. बारा दिवस, पाच देश, माणशी तीन लाख चाळीस हजार रुपये.

वाचकांनी आम्हांला श्रीमंत समजू नये. मी धाराशिवच्या एका शाळेत तेहतीस वर्षे भूगोल शिकविला. निवृत्त झालो तेव्हा जे पैसे हाती आले त्यांतून मुलाच्या घराला हातभार लावला, आणि आठ लाखांची एक ठेव बँकेत ठेवली. ती जानेवारी २०२५ मध्ये पुरी होणार होती. ठेव पुरी होण्याची तारीख माझ्या आधी सौ.ला पाठ होती, हे मला फार उशिरा कळले.

एके दिवशी संध्याकाळी ती छापील पत्रिका तिने माझ्यापुढे ठेवली. सोलापूरला एका मंगल कार्यालयात कंपनीची माहितीसभा झाली होती; शेजारच्या बाई तेथून ती घेऊन आल्या होत्या. पत्रिकेवर आयफेल टॉवर होता, आणि त्याच्या पायथ्याशी आपल्यासारखीच वीसपंचवीस माणसे डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या घालून हसत होती.

"तुला पॅरिस पाहायचे आहे?" मी विचारले.

"पॅरिसचे मला काही नाही. मला बर्फ पाहायचा आहे," सौ. म्हणाली.

मी गप्प बसलो. आमच्या गावाला उजनीचे पाणी नळाने येते, पण ते रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातली भांडी, बादल्या, पिंपे, इतकेच नव्हे तर पाहुण्यांचे तांबेसुद्धा भरून ठेवावे लागतात. अडतीस वर्षे जिने पाणी मोजून वापरले, तिला डोंगरच्या डोंगर पाणी गोठून उगीच पडलेले पाहावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय? आणि मी? आल्प्स हा वली पर्वत आहे, हे वाक्य मी तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिले. पण त्याची वळी काही मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

माझी स्वतःची इच्छा मात्र निराळीच होती. आमच्या जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी तेच तगर नावाने रोमपर्यंत प्रसिद्ध होते. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' ह्या व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असल्याचे लिहिले आहे. तेथले कापड बैलगाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई आणि तेथून जहाजाने पश्चिमेला. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. अगदी तिच्या बहिणीसारखी वाटावी अशी दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात सापडली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली जे शहर गाडले गेले, तेच हे. ती मूर्ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरच्या आणि भोकरदनच्या मूर्तींशी तिचे साम्य असल्याचे अभ्यासक सांगतात. शाळेच्या सहली तेरला नेताना मी दर वर्षी मुलांना म्हणत असे, "हिची बहीण परदेशी दिली आहे." त्या बहिणीला एकदा भेटावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा. पत्रिकेत रोम होते, फ्लॉरेन्स होते, पिसाचा कललेला मनोरा होता. नेपल्स नव्हते.

ही झाली इच्छांची बाजू. आता हिशेबाची.

आमच्या चिरंजीवांना पुण्याला फोन केला, तेव्हा ते हसले. "बाबा, कंपनीबरोबर कशाला जाता? तेच सगळे मी तुम्हांला पाच लाखांत बसवून देतो. विमान मी काढतो, हॉटेले मी ठरवतो, तुम्ही फक्त मोबाइल पाहत पाहत जायचे." मी वही घेतली आणि त्याने सांगितलेले आकडे लिहून काढले. दोघांचे विमानाचे १,४०,०००. व्हिसा आणि विमा ३०,०००. अकरा रात्रींची हॉटेले १,३२,०००. आगगाड्या आणि बस ९०,०००. डोंगरावरच्या गाड्या आणि प्रवेशाची तिकिटे ६०,०००. जेवणखाण ७०,०००. बेरीज ५,२२,०००.

दुसऱ्या पानावर कंपनीचा हिशेब. दोघांचे ६,८०,०००. त्यावर ५ टक्के जी. एस. टी., म्हणजे ३४,०००. एकूण ७,१४,०००. शिवाय परदेश सहलीच्या पैशांवर कंपनीने आपल्याकडून प्राप्तिकर आधीच गोळा करायचा, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे. आमच्या वेळी तो आमच्या रकमेला ५ टक्के होता. म्हणजे आणखी ३५,७००. हा पैसा खर्च म्हणून धरायचा नसतो. वर्षाचे विवरणपत्र भरले की तो आपल्या करात वळता होतो, आणि कर लागत नसेल तर परत येतो. मात्र जाण्यापूर्वी तो खिशात असावा लागतो. त्याचा दर सरकार अधूनमधून बदलते. तेव्हा ज्या वर्षी जायचे त्या वर्षीचा दर विचारून घ्यावा.

दोन्ही पानांतला फरक निघाला १,९२,०००. बारा दिवसांनी भागले, दिवसाला १६,०००. दोघांनी भागले, माणशी रोजचे ८,०००. हा आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला आणि विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो.

"हे पाहा, तेच डोंगर, तीच गावे. कंपनीबरोबर गेलो तर माणशी रोज आठ हजार रुपये जास्त. आणि ते कशाचे? गाडी कुठे मिळेल, जेवण कुठे मिळेल, हॉटेल कुठे आहे, ही काळजी दुसऱ्याने करायची, एवढ्याचे!"

सौ. पोळी लाटीत होती. लाटणे न थांबवता ती म्हणाली, "काळजी करण्याचे रोज आठ हजार मिळतात होय? मग माझे अडतीस वर्षांचे बिल काढा."

मी व्हरांड्यात परत आलो.

पण ते वाक्य माझ्या पाठोपाठ बाहेर आले. आम्ही दोघांनी आजवर केलेले प्रवास मी आठवू लागलो. पंढरपूर, कोल्हापूर, गाणगापूर, एकदा काशी. प्रत्येक प्रवासात मी तिकिटे सांभाळली आणि खिडकीतून भूगोल पाहिला. दशम्या, चटणी, पाण्याचा कॅन, मुलाचे औषध, माझी गोळी, उतरल्यावर खोली झाडून घेणे, स्टोव्ह पेटवणे, हे सगळे तिने केले. काशीला गंगेच्या घाटावर मी तासभर बसलो होतो. त्या वेळी ती कुठे होती, हे मला आठवेना. मागाहून विचारले, तेव्हा कळले की ती धर्मशाळेत खिचडी टाकीत होती. मुलाच्या स्वस्त बेतात ही खिचडी कुठे तरी पुन्हा शिजणार, हे मला दिसू लागले. परक्या स्टेशनावर मी मोबाइलशी झटापट करीत असणार आणि ती दोन पेट्यांशेजारी गुडघा चोळीत उभी असणार. तेव्हा त्या १,९२,००० कडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आणि खरे म्हणजे, काळजी दुसऱ्यावर सोपवून प्रवास करण्याची कल्पना काही विलायती नव्हे. इतिहासात टॉमस कुकचे नाव सांगतात. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे पाचशे माणसांना माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेले, तेही मद्यपानविरोधी सभेसाठी. पण आमच्या तुळजापूरला पाहा. भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या कुटुंबाचा पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. उतरण्याची सोय, अभिषेक, नैवेद्य, सारे तो पाहतो. यजमानाने फक्त हात जोडायचे. आषाढीच्या आधी शेगावची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते. तिच्यातले वारकरी ऊनपावसात चालतात खरे, पण मुक्काम कुठे, हे त्यांना शोधावे लागत नाही. दिंड्यांमध्ये तर खर्चाचे पैसे आधी जमा होतात, आणि तंबू, टँकर, स्वयंपाकाचा ट्रक पुढे जातो. चालणाऱ्याने चालावे आणि नाम घ्यावे. युरोपला जाणारी ही मंडळी टोप्यांच्या रंगावरून दिंडी ओळखतात, एवढाच काय तो फरक.

त्या कुकची मात्र आणखी एक गोष्ट मी वहीत टिपून ठेवली. त्याने स्थापिलेली इंग्लंडमधली कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली. दीड लाखाच्या वर ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकले आणि त्यांना सरकारने विमाने पाठवून घरी आणले. त्याच नावाची भारतातली कंपनी तोवर निराळी झालेली होती, म्हणून तिला धक्का बसला नाही. पण पावणेदोनशे वर्षांचे नावही बुडू शकते, हे ध्यानात ठेवून मी पत्रिकेची मागची बाजू वाचावयास घेतली. तिथे अक्षरे बारीक असतात, आणि महत्त्वाचे ते सगळे तिथेच असते.

मला जे उमगले ते येथे देतो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल. एक म्हणजे, 'पाहणे' आणि 'बाहेरून पाहणे' ह्यांत तिकिटाचा फरक असतो. कित्येक जागी बस उभी राहते, सर्वांनी छायाचित्रे काढायची आणि पुन्हा बसायचे. दुसरे, हॉटेल गावात आहे की गावाबाहेर, हे विचारावे. बहुधा ते बाहेर असते. तिसरे, ड्रायव्हर आणि गाइड ह्यांची बक्षिसी रोजच्या हिशेबाने निराळी द्यावी लागते. चौथे, बेत रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे कापतात, हे लिहून घ्यावे. दिवस जवळ येतील तसे कापणे वाढते. पाचवे, व्हिसा नाकारला तर त्याची फी परत मिळत नाही. जून २०२४ पासून ही फी मोठ्या माणसाला ९० युरो झाली होती, आणि निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा काढल्यावाचून अर्ज घेतच नाहीत. आणि देश मोजताना जपावे. आमच्या पाच देशांत फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली हे चार होते, पाचवा व्हॅटिकन. त्याचे क्षेत्रफळ ४४ हेक्टर, म्हणजे सुमारे ११० एकर. एवढी जमीन पूर्वी आमच्याकडे एकेका देशमुखाची असे.

हिशेब झाला, तरी एका माणसाला विचारल्याशिवाय माझे पाऊल उचलेना. माझे थोरले बंधू परंडा तालुक्यात सीनेच्या काठी शेती करतात. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले. मी बी. एड.ला असताना त्यांनी बैलजोडीतला एक बैल विकून माझी फी भरली आणि तो सगळा हंगाम शेजाऱ्याचा बैल मागून पेरणी केली. त्या बैलाचे पैसे मी मागाहून दिले, परंतु त्या हंगामाचे देणे काही फिटले नाही. संक्रांतीला आम्ही दोघे तिळगूळ घेऊन गेलो. मी आडून आडून विषय काढला. आठ लाख हा आकडा उच्चारताना माझी जीभ जड झाली.

दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाऊन ये बापू. गुडघं हायत तवर जावं मानसानं."

वहिनी सौ.ला म्हणाल्या, "बर्फ हातात घेऊन बघा हो, अन् मला येऊन सांगा."

निघताना मी गोठ्याकडे गेलो. नदीकडची भिंत कललेली होती. दादांनी ती मला दाखविली नाही. मी ती पाहिली, आणि मीही काही बोललो नाही. एस. टी.त बसल्यावर सौ. म्हणाली, "भिंत पाहिलीत का?" मी म्हटले, "पाहिली." ठेव अजून हातात यायची होती. मनात असते तर त्यातून दीड-दोन लाख बाजूला काढून भिंत बांधता आली असती आणि युरोप रद्द झाला असता. तसे आम्ही केले नाही. मार्च संपण्यापूर्वी सर्व पैसे भरले. हे मी सजवून सांगत नाही. झाले ते असे झाले.

व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. आमचा जिल्हा २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाला, पण माझ्या जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान उस्मानाबाद. खिडकीतल्या मुलीने विचारले, "काका, ही दोन्ही एकच का?" मी तिला जिल्ह्याचा थोडा इतिहास सांगू लागलो, तेव्हा मागची रांग खोकू लागली.

मे २०२५ मध्ये आम्ही जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा बेत नाही, पु. लं.च्या 'अपूर्वाई'ने १९६० साली ते काम करून ठेवले आहे. मी केवळ हिशेबापुरते सांगतो.

पहाटे सहाला उठा, सातला न्याहारी, आठला बस, हा क्रम बारा दिवस चुकला नाही. पॅरिस मी बहुतेक काचेतून पाहिले. लूव्र संग्रहालय बाहेरून पाहिले. बसमध्ये अंताक्षरी इतकी चाले, की इटलीतली द्राक्षांची शेते पाहायची सोडून मला 'म' वरून गाणे शोधावे लागे. एका गोष्टीचे मात्र मला कौतुक वाटले. तिकडे साडेचार तास गाडी हाकली की ड्रायव्हरने पाऊण तास थांबलेच पाहिजे, असा कायदा आहे. गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. आमच्या सहलीचे सारे वेळापत्रक ह्या पाऊण तासाच्या दोरीने बांधलेले होते. कोणी म्हणे, "अजून थोडे पुढे जाऊ या," तर ड्रायव्हर शांतपणे घड्याळ दाखवी.

आणि मग युंगफ्राऊ. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून दात्यांच्या रुळांची गाडी ३,४५४ मीटर उंचीपर्यंत जाते. हा रेल्वेमार्ग १९१२ साली पुरा झाला. वर दार उघडले आणि आम्ही बर्फात उभे राहिलो. खाली आलेच हिमनदी, आल्प्समधली सर्वांत मोठी. मी फळ्यावर खडूने काढीत असे तशीच ती वळण घेत गेलेली होती, पण खडूचा रंग बरोबर नव्हता. सौ.ने हातमोजा काढला, मूठभर बर्फ घेतला आणि तो वितळेपर्यंत हातात धरून ठेवला. बोटे लाल झाली, तरी सोडीना. मग ओला हात तिने डोळ्यांना लावला. आपण तीर्थ लावतो तसा. "हे सगळे पाणी?" तिने विचारले. मी म्हटले, "सगळे. पण हेही वितळत चालले आहे." ती म्हणाली, "आज ते सांगू नका."

खाली उतरल्यावर गरम जेवण तयार होते. वरण, भात, भाजी. तिच्यापुढे कोणी तरी ताट आणून ठेवले. बारा दिवसांत एकदाही तिने "उद्या काय करू?" असे विचारले नाही. हे वाक्य अडतीस वर्षे मी रोज ऐकत आलो होतो. ते ऐकू न येणे किती मोठे असते, हे मला पाचव्या दिवशी कळले.

माझे नेपल्स राहिले. रोममध्ये आमचे दोन मुक्काम होते. तेथून नेपल्सला वेगाची गाडी सव्वा तासात जाते. मी व्यवस्थापकाला विचारले. मुलगा भला होता. तो म्हणाला, "काका, चाळीस जणांची जबाबदारी माझ्यावर आहे. तुम्ही एकटे गेलात आणि चुकलात तर?" बरोबरच होते. जी काळजी मी विकत घेतली होती, तीच आता मला सोडीना. त्या संध्याकाळी सर्वजण कारंज्यात नाणी टाकावयास गेले. मी दोनशे किलोमीटरांवरच्या त्या बाईची मनातल्या मनात क्षमा मागितली.

परत आलो. जुलैमध्ये विवरणपत्र भरले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते ३५,७०० रुपये बँकेत परत जमा झाले, आणि मी वहीतला हिशेब बंद करण्याच्या विचारात होतो.

सप्टेंबर २०२५ च्या त्या पावसाबद्दल मराठवाड्यातल्या माणसांना काही सांगायला नको. ज्या परंडा-भूम भागात आम्ही पाण्यासाठी आभाळाकडे पाहत मोठे झालो, तिथे माणसांना घरांच्या छपरांवरून हेलिकॉप्टरने उचलावे लागले. सीना पात्र सोडून शेतांतून चालली. दादा आणि वहिनी वेळेवर शाळेच्या गच्चीवर गेले म्हणून वाचले. गोठा गेला. दोन म्हशी गेल्या. सोयाबीन गेले, हे एक वेळ सोसता येते. पण रानातली काळी मातीच खरवडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला.

पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. मी दादांच्या शेजारी चिखलात उभा राहिलो. तीन लाख चाळीस हजार हा आकडा माझ्या डोक्यात घण घालीत होता. शेवटी न राहवून म्हणालो, "दादा, मी तिकडे जायला नको होते. ती भिंत बांधायला हवी होती."

दादांनी माझ्याकडे पाहिले. "खुळा हायस का बापू? हितं रान गेलं, भिंत राहिली असती व्हय? तू न्हाई गेलास म्हनून काय नदी थांबली असती?"

त्यांचे म्हणणे खरे होते. तरीही भिंत मी पाहिली होती, हेही खरेच आहे. परत आलेले ३५,७०० रुपये, त्यात आणखी थोडी भर घालून, मी त्यांच्या हातात दिले. त्यांनी मोजले नाहीत. शाळेच्या ओसरीवर, जिथे गावातली सारी बिऱ्हाडे एकत्र होती, वहिनींनी सौ.ला जवळ ओढले आणि म्हणाल्या, "बर्फाचं सांगा की. तवापासनं सांगायचं राहिलंय." आणि चारी बाजूंनी चिखल असताना सौ. बर्फाविषयी सांगू लागली. आठदहा बाया भोवती जमल्या. दादांना मी ड्रायव्हरच्या पाऊण तासाची गोष्ट सांगितली. ते त्या दिवसात पहिल्यांदा हसले. म्हणाले, "शानी मानसं हायत. आपुनबी बैल सोडतोच की दुपारचं."

आता कोणी मला विचारतात, "गुरुजी, कंपनीबरोबर गेलात, पैसे वसूल झाले का?" मी त्यांना उलट विचारतो, "तुमच्या घरात प्रवासाची काळजी कोण करते?" ती करणारे माणूस बरोबर येणार असेल आणि त्याला एकदा तरी रिकाम्या हाताने डोंगर पाहू द्यायचा असेल, तर जावे, तो पैसा वाया जात नाही. तुम्हांला एखादी विशिष्ट गोष्टच पाहायची असेल, एखाद्या मूर्तीसमोर तासभर बसायचे असेल, तर कंपनीबरोबर जाऊ नये. स्वतः जावे, चुकावे, आणि पोचावे. आणि घराची एखादी भिंत कललेली असेल, तर ती आधी पाहून घ्यावी. माझ्या वहीत ह्या तीन गोष्टींची बेरीज होत नाही. म्हणून हिशेबाचे ते पान मी तसेच ठेवले आहे.

२०२६ च्या माघात दादा म्हणाले, "तुझी ती बाई इटलीत राहिली. पर तिची भैन हितंच हाय म्हनतोस. मी कुठं बघितलीया?" शहात्तर वर्षांचे दादा, ह्याच जिल्ह्यात जन्मलेले, तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला दहा वेळा गेलेले, संग्रहालयाची पायरी मात्र कधी चढले नव्हते. आम्ही चौघे एस. टी.ने तेरला गेलो. पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून दादांना प्रवास फुकट. वहिनींना आणि सौ.ला अर्धे तिकीट. पूर्ण तिकीट काय ते माझे एकट्याचे. त्रिविक्रमाचे जुने विटांचे देऊळ दाखविले, गोरोबाकाकांपुढे डोके टेकले आणि संग्रहालयात गेलो. दादा त्या हस्तिदंती बाईपुढे पुष्कळ वेळ उभे राहिले. घाई करायला कोणी नव्हते.

सहलीचा व्यवस्थापक मी होतो. माहिती मी सांगितली, गाड्यांच्या वेळा मी पाहिल्या, दिंडी मी सांभाळली. दुपारी देवळाच्या पारावर बसलो, तेव्हा सौ.ने पिशवीतून डबा काढला. भाकरी, पिठले, ठेचा. पहाटे चारला उठून केले होते.

मी काही बोललो नाही. उठलो, आणि पाणी मी आणले.